रॅम रॅमच असते न, भाऊ!

यवतमाळ जिल्ह्यात सगळ्यात जास्त रॅम कोण खातं, असा प्रश्न उद्या स्पर्धा परीक्षेत आला तर ‘सॉफ्टवेअर’वर टिक करू नका. बरोबर उत्तर आहे नेत्यांचे वाढदिवस. वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर मधोमध भाऊ, वर दिल्लीचे, त्यांच्या बाजूला मुंबईचे आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज रांग. प्रत्येक चेहऱ्याचा वेगळा लेअर. रात्री अकराला फोन येतो, “अजून एक फोटो टाक, नाही तं तो नाराज होते.” फोटो टाकला की मशीन गोठलंच. भाऊंचं अर्धं हसू स्क्रीनवर, अर्धं कुठे गेलं ते कोरल ड्रॉलाच ठाऊक.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची सेवा थांबवली. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढेना. मग दारव्ह्यापासून वणीपर्यंतचे फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले, ई-सेवा केंद्रवाले आणि गेम खेळायचा असताना घरी ‘प्रोजेक्टसाठी पाहिजे’ सांगणारी इंजिनीअरिंगची पोट्टी, सगळेच नवा डेस्कटॉप जुळवायला निघाले. प्रोसेसरवर दोन तास चर्चा होते, कॅबिनेटच्या काचेवर एक तास, रॅमवर अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट असं:

“रॅम किती टाकू, भाऊ?”

“बत्तीस टाक. कंपनीचीच देजो.”

“कंपनीचीच हाय न. लोकल कायले देऊ तुमाले?”

“पण या बोर्डात बसते न?”

“रॅम रॅमच असते न, भाऊ! नाही बसली तं घेऊन येजा.”

झाला व्यवहार. किती ते ठरलं, कुठली ते राहिलं. आपल्याकडे ‘किती’ विचारणारा गिऱ्हाईक असतो आणि ‘कुठली’ विचारणारा किटकिट्या.

तर किटकिट सुरू करू.

रॅम रॅमच नसते. डीडीआर थ्री २००७च्या सुमाराची, डीडीआर फोर २०१४ची, आणि डीडीआर फाइव्हचं मानक जेडेक या संस्थेने जुलै २०२०मध्ये जाहीर केलं. फोर आणि फाइव्ह यांची एकेक पट्टी हातात घेऊन शेजारी धरा. लांबी तीच. सोनेरी पिना दोघींच्याही २८८. फरक दिसतो तो खालच्या कडेच्या एका बारीक खाचेत. ती दोघींत काही मिलिमीटरने वेगळ्या जागी आहे. अख्ख्या बाजारात खरं बोलणारी तेवढी एक खाच. ती म्हणते, ‘मी इथे बसत नाही’, आणि विषय संपतो. पण आपण ‘थोडा जोर लाव, बसते’ या पंथाचे. जोर लावला की पट्टी बसत नाही, स्लॉट मात्र चिरतो, आणि वॉरंटीचा कागद हातात घेतल्यावर त्यात ‘जोर’ हा शब्दच नसतो. जोर लावून बसली असती तरी उपयोग नव्हता. फोरला १.२ व्होल्ट लागतात आणि ते बोर्ड पुरवतो, फाइव्ह १.१ व्होल्टवर चालते आणि आपल्या विजेची व्यवस्था पट्टीवरच्या चिपकडून करून घेते. दोघींची भाषाच वेगळी.

यवतमाळकराला हे खरं तर कुणी शिकवायला नको. शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळावरून मूर्तिजापूरला जायचं आणि तिथे उतरून ब्रॉडगेजची गाडी धरायची, यात इथल्या पिढ्या गेल्या. लोखंड दोन्ही रुळांचं सारखंच, चाकं दोन्ही गाड्यांची गोलच, पण अरुंद रुळावर रुंद डबा चढत नाही तो नाहीच. मदरबोर्डावरचा स्लॉट म्हणजे घातलेला रूळ. त्याची रुंदी ठरून गेलेली असते; नंतर तुम्ही कितीही महागडा डबा आणा. आता ब्रॉडगेजही येते आहे. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा–कळंब गाडीला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. कार्यक्रम यवतमाळात, गाडी कळंबपर्यंत. यालाही सुसंगततेचा प्रश्नच म्हणतात.

रूळ कुठला हे ठरतं प्रोसेसर आणि बोर्डावरून, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रोसेसर, मग बोर्ड, मग रॅम. आपला क्रम उलटा: सेलमध्ये रॅम स्वस्त दिसली, घेऊन टाकली, आता बोर्ड शोधतो. वरातीमागून घोडं. यवतमाळला ही रीतही नवी नाही. जानेवारी २०१९मध्ये इथे ९२वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला आधी बोलावलं आणि मग निमंत्रण मागे घेतलं. आपल्या मांडवात हा पाहुणा बसतो का, हे निमंत्रण छापण्याआधी पाहायचं असतं. रॅमचं तसंच, फक्त रॅम परत पाठवली तर अग्रलेख येत नाहीत.

हिशेब तसा सोपा आहे. एएमडीचा एएम-फोर सॉकेट असेल तर डीडीआर फोर. सप्टेंबर २०२२मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलेला एएम-फाइव्ह असेल तर फक्त डीडीआर फाइव्ह. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचा प्रोसेसर दोन्ही पत्करतो, पण बोर्ड पत्करत नाही. बोर्ड एकतर फोरचा असतो किंवा फाइव्हचा. गंमत अशी की बी७६० या एकाच नावाचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि फरक बहुतेकदा नावाच्या शेपटीला लावलेल्या ‘डी-फोर’ एवढ्या अक्षरांत असतो. ही शेपटी बिलावर येत नाही, बोलण्यात तर मुळीच येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉपला पुन्हा फक्त फाइव्ह. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण आजीने आपल्याला उगाच शिकवली नव्हती. तिला बी७६० बोर्ड येणार हे दिसत असावं.

एमएस-सीआयटी करून अख्ख्या महाराष्ट्राने रॅमचं लांबलचक नाव पाठ केलं. सर्टिफिकेट लॅमिनेट झालं, सरकारी अर्जाला जोडलं गेलं. कुठली रॅम कुठे बसते, हे त्याच सर्टिफिकेटच्या पाठीमागे छापलं असतं तर निदान ती बाजू कोरी राहिली नसती.

आता पट्टीवरचं स्टिकर वाचू. ते वाचायचं असतं, वॉरंटीसाठी जपून ठेवायचं असतं आणि नखाने खरवडायचं नसतं. डीडीआर फोरच्या पट्टीवर ‘पीसीफोर-२५६००’ असं काहीतरी दिसेल. ही किंमत नाही आणि जीबीही नाहीत. सेकंदाला ३२०० दशलक्ष खेपा, प्रत्येक खेपेला ८ बाइट, गुणाकार २५,६०० मेगाबाइट. ज्या ३२०० ला सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात, त्याचं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं. प्रत्येक ठोक्याला दोनदा माल जातो म्हणून आकडा दुप्पट. आकडा दुप्पट करून सांगण्याची कला मंत्रालयाच्या आधी मेमरीवाल्यांना साधली. फरक इतकाच की इथे काम खरोखरच दुप्पट होतं.

पण खोक्यावरचा आकडा म्हणजे वचन नव्हे, शक्यता. डीडीआर फाइव्हच्या खोक्यावर ठसठशीत ६००० लिहिलेलं असतं. पट्टी लावली, मशीन सुरू केलं, तर ती बहुतेकदा ४८०० वरच चालते. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो हा पर्याय चालू केला तर ६०००. दोन बटणांचं काम. बायोसमध्ये जायला मात्र आपण घाबरतो, कारण ‘तिथं काही हलवू नको’ असं मशीन जुळवणाऱ्याने जाताना बजावलेलं असतं. हलवायचं होतं ते त्यानेही हलवलेलं नसतं. किती मशिनी अशा ६००० चे पैसे मोजून ४८०० ने सरपटत असतील, देव जाणे.

त्या ६००० च्या शेजारी सीएल नावाचा आकडा असतो. तो कुणी विचारत नाही, कारण तो लहान आहे आणि लहान आकड्याचा रुबाब पडत नाही. पण जरा दम धरा. ३२०० ची, सीएल १६ ची डीडीआर फोर पहिला बाइट हातात ठेवायला १० नॅनोसेकंद घेते. ६००० ची, सीएल ३० ची डीडीआर फाइव्हसुद्धा १०च घेते. पुढचा ओघ फाइव्हचा मोठा, सुरुवातीची वाट सारखीच. आणि तीच ६००० सीएल ४० ची निघाली तर १३ नॅनोसेकंदांच्या वर. म्हणजे मोठा आकडा दाखवून लहान आकड्यात मारतात. पीकविम्याचं पत्रक शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आता ‘बत्तीस टाक’ याचा अर्थ. बत्तीस म्हणजे सोळा आणि सोळा, बत्तीसची एक पट्टी नव्हे. प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे रस्ते दोन असतात. एकच पट्टी लावली तर एक रस्ता ओस पडतो. चार स्लॉटांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा, हे बोर्डाच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्याच्या तळाशी असते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. सरकारी निविदांची पुस्तिका याहून जाड. तिच्यात ‘रॅम : १६ जीबी किंवा अधिक’ एवढीच ओळ असेल तर पुरवठादार नियमावर बोट ठेवून सोळाची एकच पट्टी लावतो. आठ-आठच्या दोन मागायला निविदेत एक ओळ जास्त लिहावी लागते, आणि ओळ लिहिली की कुणाची तरी सही लागते.

‘आता दोन पट्ट्या घेतो, पुढे-मागे अजून दोन टाकू’ हाही आपला लाडका बेत. रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्यांना ३६००. पट्ट्या वाढल्या, वेग उतरला. शिवाय नव्या दोन पट्ट्या जुन्यांशी जमतीलच याची हमी कुणी देत नाही. जमल्या तरी सगळ्यांनी सगळ्यात संथ पट्टीच्या चालीने चालायचं. म्हणून जेवढी लागणार तेवढी एकाच खोक्यातली जोडी घ्यावी. आघाडी सरकारांचा इतका अनुभव गाठीशी असलेल्या राज्याला हे वेगळं सांगावं लागतं, ही खरी शोकांतिका.

मग इंटरनेटवर एक जाहिरात दिसते: ३२ जीबी, निम्म्या भावात, मूळ कंपनीची. बारीक अक्षरांत ‘आरईजी ईसीसी’. ही मोठ्या सर्व्हरमधून निघालेली रॅम. डीडीआर फोरमध्ये हिची खाचसुद्धा साध्या पट्टीसारखीच, म्हणून ती आपल्या बोर्डात अगदी ऐटीत बसते. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी ती काळीच. बसली म्हणजे चालली असं नसतं. सरकारी खुर्च्यांकडे पाहून तरी हे आपल्याला कळायला हवं होतं. लॅपटॉपची आखूड पट्टी घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न तुलनेने सोपा, ती बसतही नाही.

या सगळ्यावर उपाय आहे आणि फुकट आहे. प्रत्येक बोर्ड-कंपनी आपल्या संकेतस्थळावर तपासून पाहिलेल्या रॅमची यादी ठेवते. मॉडेल नंबर टाकायचा आणि नाव आहे का पाहायचं. यादीत नाव शोधायची सवय आपल्याला कर्जमाफीने, पीकविम्याने आणि घरकुलाने चांगलीच लावली आहे. ही यादी तर आधार कार्ड मागत नाही, ओटीपी मागत नाही, ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असंही सहसा म्हणत नाही. यादीत नाव नसलं म्हणजे रॅम चालणारच नाही असंही नव्हे, कंपनीने ती तपासलेली नाही इतकंच. कर्जमाफीपेक्षा इथे आशेला जागा जास्त.

रॅमवरचे रंगीत दिवे हा वेगळा अध्याय. त्यांनी वेग एका बाइटने वाढत नाही, पट्टीची उंची मात्र वाढते, आणि प्रोसेसरवरचा मोठा कूलर त्याच जागेवर हक्क सांगतो. मग कूलर वाकडा बसवा किंवा त्याचा पंखा वर सरकवा, आणि तो पंखा काचेला टेकला म्हणून काच काढून ठेवा. मे महिन्यात इथला पारा ४४–४५ला जातो. तेव्हा मशीन उघडंच बरं, असं म्हणत काच कायमची कपाटावर. नाकापेक्षा मोती जड.

आणि सगळं जुळलं, तरी पहिल्यांदा सुरू करताना धीर ठेवा. एएम-फाइव्हवर नवी रॅम लावली की बोर्ड तिच्याशी ओळख करून घेतो. त्यात कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. आपल्याकडे दुसऱ्या मिनिटाला बटण बंद-चालू होतं, तिसऱ्याला वायर हलवली जाते, चौथ्याला ग्रुपवर ‘बोर्ड उडाला’ जाहीर होतं आणि पाचव्याला वीज जाते. वीज आली की ओळखपरेड पुन्हा पहिल्यापासून. दोष कुणाचा? रॅमचा!

बिचारीची स्मरणशक्ती मुळातच अधू. डीरॅमच्या प्रत्येक घरात एक चिमुकला विद्युतभार असतो आणि तो गळतो. डीडीआर फोरमध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर नव्याने भरून घ्यावं लागतं, म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा आठवण करून द्यायची. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर त्याच्याही दुप्पट वेळा. पुढचं पाठ, मागचं सपाट. तरी ती काम करते, कारण तिला आठवण करून देणारी यंत्रणा सुट्टीवर जात नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाला अशी यंत्रणा जोडली असती तर आज या सदराला एक विषय कमी पडला असता.

आता खिशाकडे. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी खास मेमरी बनवण्यात त्यांना जास्त नफा दिसला आणि कारखान्यांचा ओढा तिकडे वळला. जुनी डीडीआर फोर बंद करायची घोषणा झाली, तेव्हा साठेबाजी अशी झाली की २०२५च्या मध्यात तिचा घाऊक भाव डीडीआर फाइव्हच्याही वर गेला. दिवाळीच्या सुमारास फाइव्हही भडकली. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने किरकोळ बाजारातला आपला क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आधी साधारण एका क्विंटल कापसाच्या पैशात येणारी ३२ जीबीची जोडी तीनेक क्विंटल मागायला लागली. हा हिशेब २०२५-२६च्या ८,११० रुपये हमीभावाने. व्यापाऱ्याच्या भावाने केला तर जास्तच. कापसाचा भाव परदेशातून ठरतो, रॅमचाही तिकडूनच ठरतो. फरक असा की एक आपण विकतो आणि दुसरी विकत घेतो, म्हणून दोन्हीकडे आपणच हरतो. त्यात सीसीआयला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करा, आणि अ‍ॅप चालायला मोबाइलमध्ये रॅम पाहिजे. कापूस विकून रॅम घ्यायची की रॅम घेऊन कापूस विकायचा, एवढं कृषी विभागाने कळवावं.

महाराष्ट्रात चिपांचा कारखाना येणार होता म्हणतात. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येता येता सप्टेंबर २०२२मध्ये गुजरातला गेला, आणि जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. जून २०२३मध्ये मायक्रॉनचा कारखाना जाहीर झाला तोही सानंदला, चिपांची जुळणी आणि चाचणी करणारा. इकडे विधिमंडळात प्रकल्प कुणाच्या काळात गेला यावर घमासान. प्रकल्प किती कोटींचा हे प्रत्येकाला पाठ. त्यात काय बनणार होतं हे विचारणारा किटकिट्या तिथेही निघाला नाही.

तेव्हा दुकानात शिरताना एवढं विचारा: प्रोसेसर कुठला, बोर्ड फोरचा की फाइव्हचा, पट्ट्या जोडीच्या आहेत का, बोर्डाच्या यादीत नाव आहे का, आणि मशीन हातात देताना बायोसमधला तो पर्याय चालू करून दाखवणार का. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी पट्टी सकाळी परत, ‘एवढं तं चालते’ हे ऐकून घ्यायचं नाही.

आणि बिल बघून घ्या. ‘रॅम ३२ जीबी, १ नग’ असं लिहिलेलं बिल वॉरंटीच्या दारात चिठोरं ठरतं. खोक्यावर पंधरा-अठरा अक्षरांचा मॉडेल नंबर असतो, तो पूर्ण लिहून मागा. दुकानदार कुरकुरला तर हसून सांगा, “भाऊ, अठरा टक्के जीएसटी घेता, तं अठरा अक्षरं लिहाले काय जाते?”